तिच्या खात्याचे मेसेज

चूक माझी होती आणि ती मी हसत हसत केली. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढे मला सारवासारव करायला जागा राहणार नाही.

सोनईत माझं बी-बियाणं आणि खतांचं दुकान आहे. दुपारी गिऱ्हाईक कमी असतं, बसणारे जास्त असतात. त्या दुपारी मी जेवून परत आलो तेव्हाही बाकड्यावर दोघं आणि युरियाच्या गोण्यांवर एक जण बसला होता. मी लसूणघासाचं बी तोलत होतो. हात गुंतलेले होते, म्हणून बायकोचा फोन आला तेव्हा मी तो काउंटरवरच ठेवून स्पीकर लावला.

"अहो, ओटीपी आला असेल. आकडा सांगा जरा."

खातं तिचं, पण त्याला जोडलेला मोबाईल नंबर माझा होता. त्यामुळे तिला कुठलाही व्यवहार करायचा असला की आकडा माझ्याकडं यायचा आणि तिला तो मागून घ्यावा लागायचा. मी म्हणालो, "आज केवढ्याचा खड्डा?"

"पाचशे. पटकन सांगा, वेळ जातोय."

गोण्यांवरचा म्हणाला, शेठ, आधी हिशेब घ्या, मग आकडा द्या. बाकीचे हसले. त्यांच्या हसण्यानं मला चेव आला. म्हणालो, "पाचशे कशाला लागतात ते आधी सांग. खातं तुझं असलं तरी चावी माझ्याकडं आहे."

ती आवाज खाली आणून म्हणाली, "अहो, क्लास चालू आहे."

"मग क्लासातल्या बायकांनाच विचार की आकडा."

पुन्हा हशा झाला. थोड्या वेळानं फोन बंद झाला. तोवर ओटीपीची मुदतही संपून गेली होती. मी बी पिशवीत भरलं, गाठ मारली आणि पैसे घेतले.

मला ठाऊक नव्हतं की तिचाही फोन स्पीकरवर होता. दोन्ही हात लॅपटॉपवर होते तिचे. समोर चाळीसेक बायका होत्या आणि ती त्यांना स्वतःच्या खात्यातून महिन्याला पाचशेची आरडी कशी उघडायची ते खरोखर उघडून दाखवत होती. माझं बोलणं आणि दुकानातलं हसणं त्या सगळ्यांनी ऐकलं. फोन बंद झाल्यावर त्यांच्यातली एक जण म्हणाली, "ताई, म्हंजे तुमचंबी आमच्यावानीच हाय व्हय." टोमणा नव्हता तो. तिला बहुतेक धीरच द्यायचा होता. बायकोनं 'आज इथंच थांबू' म्हणून क्लास बंद केला. हे सगळं मला पुष्कळ नंतर कळलं, तेही दुसऱ्याकडून.

हा क्लास कसा सुरू झाला ते सांगायला हवं. लॉकडाऊनच्या सुमारास तिच्या मावसबहिणीचे यजमान गेले. ती श्रीरामपूरला दिलेली. तेराव्यानंतर तिनं पत्र्याची पेटी उघडून व्हिडिओ कॉलवर हिला एकेक कागद दाखवला. कुठल्या बँकेत काय आहे, विम्याचे हप्ते चालू होते की थकले होते, तिला काहीच ठाऊक नव्हतं. एका पॉलिसीवर वारस म्हणून सासूचं नाव होतं, आणि सासू जाऊनही बरीच वर्षं झाली होती. माझी बायको बीकॉम झालेली, लग्नानंतर घरी शिकवण्या घेणारी. तिनं आठवडाभर दुपारी फोनवर बसून बहिणीला ते सगळं मार्गी लावायला मदत केली. मग त्या बहिणीची जाऊ ऐकायला बसली, जावेच्या माहेरच्या बसल्या, आणि बघता बघता नेवासा, घोडेगाव, शेवगाव असा बायकांचा गट जमला. हिनं स्वतः पुण्याच्या एका बाईंकडं ऑनलाइन शिकून घेतलं आणि आमच्या मुलीच्या जुन्या लॅपटॉपवर सोमवार ते गुरुवार, दुपारी अडीचला, क्लास घ्यायला सुरुवात केली.

पहिला धडा अगदी साधा होता. घरातले पैशाचे सगळे कागद एका पिशवीत गोळा करायचे. दुसऱ्या दिवशी बायकांनी आपापल्या पिशव्या कॅमेऱ्यासमोर धरल्या. साड्यांच्या दुकानाच्या पिशव्या होत्या, लग्नातल्या होत्या, आणि एकीची तर आमच्याच दुकानातली होती. त्या दिवशी ती जेवताना हे सांगून इतकी हसली, की तिला ठसका लागला. मी पाणी दिलं. तेवढंच आठवतं.

अडीच ही माझी जेवायची वेळ. मी स्वयंपाकघरात पाटावर बसायचो आणि आतल्या खोलीतून तिचा आवाज यायचा. शिकवताना तिचा आवाज वेगळा असायचा. माझ्याशी बोलताना ती वाक्यं अर्धी सोडते, तिथं पुरी करायची. पलीकडून कुकरच्या शिट्ट्या ऐकू यायच्या. एक जण रेंज मिळते म्हणून गोठ्यात बसायची, तिची म्हैस मध्येच ओरडायची आणि सगळ्या म्हणायच्या, म्हशीलाबी समजलं बरं का. एकदा कुणीतरी विचारलं, "ताई, फंडात पैसं टाकलं तर ह्यांच्या मोबाईलवर मेसेज जातो का?" ती म्हणाली, "ते बँकेत नंबर कुणाचा दिलाय त्यावर आहे." तेव्हा माझा भाकरीचा हात थांबला होता. क्षणभरच, मग मी कोरड्यास आणखी वाढून घेतलं.

तो नंबर कसा आला, तेही सांगतो. खातं उघडलं तेव्हा तिच्याकडं मोबाईल नव्हता. फॉर्म मीच भरला, नंबर माझा लिहिला. त्यात काही वाईट नव्हतं. पुढे तिच्याकडं मोबाईल आला. तिच्या शिकवण्यांचे पैसे त्या खात्यात जमत होते. फोनवरून पैसे पाठवायचे तर खात्याला जोडलेला नंबर त्याच फोनात लागतो, म्हणून तिला ती सोय कधी मिळाली नाही. ती कार्ड वापरायची. दोनदा तिनं नंबर बदलायचं काढलं. पहिल्यांदा मी म्हणालो, तुझ्या फोनला रेंज नसते. दुसऱ्यांदा म्हणालो, शाखेत आपल्या ओळखीचा माणूस आहे, मी करून आणतो, तू कशाला हेलपाटा घालतेस. बँक दुकानापासून चालत पाच मिनिटांवर आहे. मी गेलो नाही.

त्या दुपारनंतर संध्याकाळी ती नेहमीसारखीच होती. भाजी टाकली, भाकरी थापल्या, दुकानाची किल्ली खुंटीला लावली का ते विचारलं. मला वाटलं, विसरली. तिसऱ्या दिवशी ती आधार कार्ड आणि पासबुक घेऊन एकटी बँकेत गेली आणि फॉर्म भरून आली. मला सांगितलं नाही. मला कळलं ते बँकेकडून. दोन दिवसांनी दुकानात असताना माझ्या फोनवर मेसेज आला की या खात्याचा नोंदणीकृत मोबाईल नंबर बदलण्यात आला आहे, आणि हा बदल आपण केला नसल्यास त्वरित शाखेशी संपर्क साधावा.

तो मेसेज मी काही दिवस फोनात ठेवला होता. बदल आपण केला नसल्यास. मी केला नव्हताच.

त्याच आठवड्यात तिनं क्लासही हलवला. आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून एक मुस्लिम बाई राहतात, शिवणकाम करतात. सगळी आळी त्यांना आपा म्हणते. त्याही हिच्या क्लासात होत्या. दुपारी सव्वादोनला बायको लॅपटॉप पिशवीत घालते, माझं ताट वाढून त्यावर दुसरं ताट झाकते आणि आपांकडं जाते. भांडण नाही, अबोला नाही. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाली, "तिथं शांतता असते." आणि तिथं दिवसभर शिलाई मशीन चालतं.

आणि मग दुपारी घरात काही उरलं नाही. मी जेवायला बसायचो. झाकलेलं ताट काढायचो. भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज येतो हे मला तेव्हा पहिल्यांदा समजलं. टीव्ही लावून पाहिला. मोबाईलवर भजनं लावून पाहिली. आतल्या खोलीच्या दाराकडं पाठ करून बसून पाहिलं. मला तिचं शिकवणं ऐकायचं असायचं असं मी कधी म्हटलं नव्हतं, मला स्वतःलाही ते ठाऊक नव्हतं. उलट मीठ कमी पडलं की मी मुद्दाम मोठ्यानं वाटी आपटायचो, म्हणजे तिनं क्लास सोडून यावं. ती यायची, मीठ द्यायची, ओठांवर बोट ठेवून परत जायची. ते ओठांवरचं बोटही आता दिसेना.

दुसरी एक गोष्ट लिहायला मला लाज वाटते. मला ते मेसेज आठवू लागले.

इतकी वर्षं तिच्या खात्याचा प्रत्येक मेसेज माझ्याकडं आला होता. ती श्रीरामपूरला गेली की कापडाच्या दुकानाचा मेसेज यायचा, मग तासाभरानं चपलांच्या दुकानाचा, आणि मला कळायचं की आता ती रसवंतीजवळ उभी असेल. तिची आई आजारी होती आणि ती माहेरी राहायला गेली होती तेव्हा नेवाशाच्या मेडिकलचा मेसेज दर चार दिवसांनी यायचा. एका महिन्यात तो आलाच नाही. त्यावरून मला आधी समजलं की आता औषधं थांबवली आहेत, आणि तिचा फोन नंतर आला. एकदा चष्म्याच्या दुकानाचा मेसेज आला. मी घरी जाऊन विचारलं, एवढे पैसे कशाला घालवलेस. ती आत गेली आणि चष्मा लावून बाहेर आली. तिला जवळचं दिसत नव्हतं, सुईत दोरा ओवता येत नव्हता, किती तरी महिने. मला फक्त रक्कम कळली होती.

मी पाळत ठेवत होतो, दुसरा शब्द नाही. पण तीच पाळत माझ्यासाठी तिची सोबतही झाली होती. मी तिला कधी विचारलं नव्हतं की आज कुठं गेलीस, कोण भेटलं, काय घेतलंस. विचारायची गरज नव्हती, खिशातला फोन सांगायचा. आता फोन थरथरला की मी घाईनं काढायचो. कंपनीची जाहिरात असायची, खताची गाडी निघाल्याचा निरोप असायचा. एका छताखाली राहणाऱ्या बाईचे दिवस मला दिसेनासे झाले. आणि एकदम विचारायला सुरुवात करावी तर माझी जीभ वळत नव्हती. "आज कुठं गेली होतीस?" हे वाक्य मी एकदा म्हणून पाहिलं, तर ते चौकशीसारखंच निघालं. ती म्हणाली, "का? काही हरवलंय का?"

मग मी जेवण उरकून आपांच्या गल्लीनं दुकानात जाऊ लागलो. तो रस्ता लांबचा आहे. त्यांच्या खिडकीखाली मी स्कूटर बंद करायचो आणि प्लग काढून पुसत उभा राहायचो. आतून मशीनचा खडखडाट, तो थांबला की तिचा आवाज. "भिशी वाईट नाही, पण भिशीचा नंबर लागेपर्यंत घरातलं आजारपण थांबत नसतं." बायका हसायच्या. मी प्लग पुसायचो. चार-पाच दिवस असं झाल्यावर आपा खिडकीत आल्या आणि हळूच म्हणाल्या, "भाऊ, गाडी रोज इथंच बंद पडते का?"

मी ओशाळलो. काहीतरी कार्बोरेटरचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "आत या असं मी म्हणणार नाही. ते तिनं म्हणायचं." आणि तिथंच खिडकीतून, हलक्या आवाजात, त्या दुपारी क्लासात काय झालं होतं ते त्यांनी मला सांगितलं. तोवर मी समजत होतो की माझं बोलणं फक्त तिनं ऐकलं.

त्या रात्री मी पहिली माफी मागितली. ती अशी होती: "त्या दिवशीचं ते जरा चुकलं."

ती कपड्यांच्या घड्या घालत होती. "काय चुकलं?"

"म्हणजे मला काय माहीत तुझा स्पीकर चालू आहे. तू आधी सांगायला हवं होतंस."

तिनं हातातली घडी पुरी केली. "बरं. म्हणजे माझं चुकलं."

दुसरी माफी मी विकत आणली. चांगला महागाचा मोबाईल. तिनं तो खोक्यासकट कपाटात ठेवला, म्हणाली की हातातला अजून चालतोय, लागला की काढू. त्यानंतर मी बरेच महिने काही बोललो नाही. मनातल्या मनात मी स्वतःला समजावलं की ती आता आपांकडं रमली आहे. खरं म्हणजे मला भीती वाटत होती की तिनं पुन्हा विचारलं, काय चुकलं, तर मला सांगता येणार नाही.

ते मला एका गिऱ्हाइकानं सांगितलं. एक शेतकरी जोडपं कांद्याचं बी घ्यायला आलं होतं. नवरा खताच्या गोण्या टेम्पोत टाकायला बाहेर गेला. मी त्याच्या बायकोला बीचं बिल समजावून सांगत होतो, तर ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली आणि म्हणाली, "तुमीच का ते ओटीपीवाले दाजी? आवाज वळखला."

मी कसनुसा हसलो. ती हसली नाही. गोठ्यात बसून क्लास ऐकणारी बाई तीच होती. तिच्या घरच्या दुधाचे पैसे दर दहा दिवसांनी तिच्या नावावर जमा होतात आणि मेसेज नवऱ्याला जातो. माझ्या बायकोच्या सांगण्यावरून तिनं नंबर बदलायचं ठरवलं होतं, घरात कसं काढायचं याची तयारी केली होती, भावाला बरोबर न्यायचं पक्कं केलं होतं. ती म्हणाली, "त्या दिशी तुमी बोल्ले अन् मी म्हन्लं, ताईंचंच न्हाई झालं, तर आपलं कुठं हुनार. ऱ्हाऊ दिलं." तिनं क्लासही सोडला. तिच्या ओळखीच्या आणखी चौघींनी सोडला. एवढं बोलून तिनं बिल नीट घडी घालून पदरात बांधलं आणि टेम्पोकडं गेली.

मी दुकान लवकर बंद केलं. घरी गेलो तेव्हा बायको ओट्याशी होती. उभ्या उभ्याच सांगितलं, तुझी म्हशीवाली आली होती, आणि तिनं काय सांगितलं तेही. ती म्हणाली, "मला माहीत आहे. तिला मी चारदा फोन केला. ती उचलत नाही." मग ती ओटा पुसायला लागली. मी म्हणालो की माझं चुकलं, आणि यावेळी काय चुकलं ते मला सांगता येईल.

ती वळली. "मला सांगू नका. ऐकलं त्यांनी, त्यांना सांगा. गुरुवारी अडीचला या. सोडून गेलेल्यांना मी निरोप देते, आल्या तर येतील."

तो क्लास आजही आपांच्याच घरी असतो, हे इथंच सांगून ठेवतो. मी अजून झाकलेल्या ताटावरच जेवतो. माफी मागितली की आवाज घरात परत येतो, असा काही करार नसतो. ती क्लास घरी परत आणेल का, हे मी तिला विचारलेलं नाही.

गुरुवारी मी दुकानाला कुलूप लावलं. आपांनी मशीन बंद करून मला स्टूल दिलं. लॅपटॉपवर चौकोन चौकोन होते, बरेचसे काळे, काहींत चेहरे. बायको म्हणाली, "आज आधी हे बोलणार आहेत." तिनं आवाजाचं बटण दाबलं आणि बाजूला झाली. पलीकडं कुजबुज झाली. कुणीतरी म्हणालं, "बोला दाजी, आमी ऐकतोय." म्हैस काही ओरडली नाही, त्यामुळे ती बाई आली आहे की नाही ते मला कळलं नाही. मी रात्री कागदावर लिहून आणलं होतं, पण चष्मा दुकानातच राहिला होता. म्हणून जसं आलं तसं बोललो.

"मी ताईंचा नवरा. त्या दिवशी फोनवर होतो तो मीच. ओटीपी माझ्यासमोर होता, मी मुद्दाम सांगितला नाही. दुकानात चार माणसं होती, मला त्यांच्यात मोठं दिसायचं होतं. नंबर बदलून आणतो असं मी हिला सांगितलं होतं आणि गेलो नाही. वेळ नव्हता असं काही नाही. मला बदलायचाच नव्हता. ही तुम्हाला जे शिकवत होती त्यात काही खोटं नव्हतं. घरात ते होत नव्हतं, कारण मी होऊ देत नव्हतो. माझं ऐकून तुमच्यातल्या कुणी बँकेत जायचं थांबलं असेल, तर ते पाप माझं आहे, ताईंचं नाही. तुमची सगळ्यांची मी माफी मागतो." मग मी बायकोकडं वळलो. ती दाराला टेकून उभी होती. "आणि तुझं काम मी चारचौघांत हसण्यावारी नेलं. ते चुकलं. मला माफ कर."